समजून घ्या : गेमवरचं ‘१८+’ नेमकं कुणासाठी? आणि आजोबांच्या मोबाइलवर ते का चालत नाही?

दिवाळीच्या सुट्टीत कळंब तालुक्यात गावाकडे गेलो होतो. ओसरीवर अण्णा, म्हणजे माझे चुलते, आणि शेजारी त्यांचा ९ वर्षांचा नातू. नातवाच्या हातात अण्णांचा मोबाइल आणि मोबाइलवर बंदुकीचा गेम. मी प्ले स्टोअर उघडून त्या गेमचं पान अण्णांना दाखवलं. नावाखाली छोट्या चौकोनात ‘१६+’ लिहिलेलं होतं.

‘‘हे सोळा म्हंजे काय रं? जीबी का?’’ अण्णांनी विचारलं.

‘‘नाही अण्णा, वय. सोळाच्या वरच्या मुलांसाठी आहे हा गेम.’’

‘‘मग ह्याला कसा काय मिळाला?’’

प्रश्न बरोबर होता. उत्तर शोधायला अण्णांचं गुगल खातं उघडलं. जन्मतारीख होती १ जानेवारी १९९०. अण्णा सत्तरीला टेकलेले, नातू ९ वर्षांचा. खातं मोबाइलच्या दुकानात काढून दिलेलं, आणि घाईत टाकलेली ती तारीख दोघांपैकी कुणाचीच नव्हती. गुगलच्या लेखी मात्र हा फोन पस्तिशीतल्या माणसाचा. त्यामुळे गेम घेताना कुणी काही विचारलंच नाही.

गेमला वयाचं रेटिंग असतं, हेच आपल्याकडे अनेकांच्या लक्षात येत नाही. ते कोण देतं, ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का बसला की काय होतं, भारतात त्यामागे कायदा आहे का, आणि त्या आकड्यातून काय कळत नाही, हे समजून घेऊ.

वयाचा हा आकडा आला कुठून?

सुरुवात अमेरिकेतली. १९९२ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ हा मारामारीचा गेम आला. त्यात हरलेल्या खेळाडूला अत्यंत क्रूर पद्धतीने मारण्याची सोय होती. मुलं तो घरात बसून खेळू लागली तेव्हा पालक भडकले. डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि गेम कंपन्यांना सांगण्यात आलं, तुम्ही स्वतः काही व्यवस्था करा, नाही तर सरकार करेल. त्यातून १९९४ मध्ये ‘ईएसआरबी’ ही रेटिंग देणारी संस्था उभी राहिली. तिची दोन रेटिंग आपल्या विषयाची. ‘एम’ म्हणजे १७ वर्षांवरील आणि ‘एओ’ म्हणजे फक्त प्रौढ, १८ वर्षांवरील. युरोपात २००३ पासून ‘पेगी’ ही पद्धत सुरू झाली. तिचे टप्पे ३, ७, १२, १६ आणि १८.

तेव्हा गेम डब्यात विकले जायचे आणि रेटिंग डब्यावर छापलेलं असायचं. स्मार्टफोन आल्यावर गेमची संख्या लाखांवर गेली. एवढे गेम बसून कोण तपासणार? म्हणून अनेक देशांच्या रेटिंग संस्थांनी मिळून ‘आयएआरसी’ नावाची एकत्र यंत्रणा केली. २०१५ पासून गुगल प्ले स्टोअर तीच वापरतं.

ही यंत्रणा चालते फॉर्मवर. गेम बनवणारा ऑनलाइन प्रश्नावली भरतो. गेममध्ये रक्त दिसतं का? मारलं जातं ते माणसाला की राक्षसाला? शिव्या आहेत का? नग्नता, दारू, जुगार? उत्तरं भरली की सॉफ्टवेअर लगेच आकडा देतं. म्हणजे आकडा पडण्याआधी तो गेम कुणी खेळून पाहिलेला असतोच असं नाही. नंतर तपासणी होते, तक्रारी येतात आणि चूक सापडली तर रेटिंग बदलतं. पण सुरुवात बनवणाऱ्याच्या स्वतःच्या माहितीवर होते, हे लक्षात ठेवायला हवं.

आणखी एक गैरसमज. ‘३+’ म्हणजे तीन वर्षांच्या मुलाला तो गेम खेळता येईल, असं नाही. त्यात आक्षेपार्ह दृश्य नाही, एवढाच त्याचा अर्थ. बुद्धिबळाच्या अ‍ॅपलाही ‘३+’ मिळू शकतं. आकडा खेळाची काठिण्यपातळी सांगत नाही.

भारतात हे कोण ठरवतं?

सिनेमाला आपल्याकडे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ आहे, आपण ज्याला सेन्सॉर बोर्ड म्हणतो ते. १९५२ च्या कायद्याने ते प्रमाणपत्र देतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर ‘यूए’ प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले. ओटीटीवरच्या मालिकांना २०२१ च्या आयटी नियमांनी असेच वयोगट लावले.

व्हिडीओ गेमसाठी मात्र असं भारतीय मंडळ नाही. ‘आयएआरसी’मध्ये सहभागी असलेल्या देशांत ब्राझील आहे, दक्षिण कोरिया आहे, ऑस्ट्रेलिया आहे, भारत नाही. त्यामुळे आपल्याला प्ले स्टोअरवर दिसतं ते ‘सर्वसाधारण’ रेटिंग, म्हणजे ज्या देशांची स्वतःची संस्था नाही त्यांच्यासाठी ठेवलेलं. धाराशिवच्या किंवा मुंबईच्या पालकांना काय चालतं आणि काय नाही, हा विचार त्यात कुठेच नाही. आयफोनवर अ‍ॅपलची स्वतःची वेगळी वर्गवारी चालते.

हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. २०१९ च्या सुरुवातीला एका ११ वर्षांच्या मुलाने आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात ‘पबजी’विरुद्ध जनहित याचिका केली. गेममुळे मुलांमध्ये आक्रमकता वाढते, असं त्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला गेम तपासून पाहायला सांगितलं. पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी ‘पबजी मोबाइल’वर बंदी आली, पण कारण मुलांचं वय किंवा हिंसा हे नव्हतं. देशाची सुरक्षा आणि माहितीची गोपनीयता या मुद्द्यावर एकाच दिवशी ११८ अ‍ॅप बंद झाली, त्यात ‘पबजी’ होता. म्हणजे हा गेम कोणत्या वयाच्या मुलाने खेळावा, या मूळ प्रश्नाचं उत्तर बंदीतूनही मिळालं नाही.

त्याच गेमचा भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ जुलै २०२१ मध्ये आला, वर्षभराने बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. परतताना कंपनीने १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि प्रौढांना ६ तास अशी मर्यादा घातली. खेळणारा अल्पवयीन असेल तर पालकांच्या संमतीचीही अट आहे. प्रश्न तोच राहतो. खेळणारा अल्पवयीन आहे, हे सांगणार कोण?

‘फक्त प्रौढांसाठी’ शिक्का बसला की काय होतं?

सगळ्यात गाजलेलं उदाहरण ‘जीटीए : सॅन अँड्रियास’चं. या गेमला ‘एम’, म्हणजे १७+ रेटिंग होतं. २००५ मध्ये उघड झालं, की गेमच्या फाइलमध्ये एक अश्लील प्रसंग लपवलेल्या अवस्थेत शिल्लक आहे आणि बाहेरून थोडी छेडछाड केली की तो सुरू होतो. ‘ईएसआरबी’ने रेटिंग बदलून ‘एओ’, म्हणजे १८+ केलं. कागदावर फरक एका वर्षाचा. पण अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या साखळ्यांनी गेम फळीवरून उतरवला आणि कंपनीला तो भाग काढून नवी आवृत्ती आणावी लागली. हा शिक्का कंपन्यांना एवढा महागात पडतो, की गेमच बदलून घेण्याकडे त्यांचा कल असतो.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रेलियाचं. तिथे अनेक वर्षं गेमसाठी प्रौढ गटच नव्हता, सगळ्यात वरचा टप्पा १५ वर्षांचा. त्यामुळे प्रौढांसाठीचा गेम एक तर नाकारला जायचा किंवा १५ वर्षांच्या मुलांच्या गटात ढकलला जायचा. शेवटी १ जानेवारी २०१३ पासून १८ वर्षांवरील असा वेगळा गट सुरू झाला. प्रौढांसाठी गट ठेवणं म्हणजे हिंसेला मोकळीक देणं, असं वाटू शकतं. पण तो गट नसल्याचा तोटा मुलांनाच होत होता.

मग शिक्क्यामुळे मुलांच्या हातात गेम पडणं थांबतं का? याचं उत्तर दुकानदारावर अवलंबून आहे. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १३ ते १६ वर्षांच्या मुलांना एकट्यानं दुकानात पाठवून ‘एम’ रेटिंगचे गेम विकत मागायला लावलं. २००० साली १०० पैकी ८५ मुलांना गेम मिळाला. २०१३ मध्ये हेच प्रमाण १३ वर आलं. रेटिंग तेच होतं. मुलांना विकू नका असा कायदाही नव्हता. कॅलिफोर्नियाने केलेला तसा कायदा २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्दच केला होता. फरक एवढाच पडला, की दुकानदार वय विचारू लागला.

उलट परिणामही होतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००९ मध्ये ७ ते १७ वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की वयाचा आकडा मोठा असेल तर मुलांना तो गेम जास्त हवासा वाटतो. ‘हे तुझ्यासाठी नाही’ म्हटलं की मूल तेच मागतं, हे आपल्याकडच्या आईला सांगायची गरज नाही.

आणि हिंसक गेम खेळून मुलं गुन्हेगार होतात का? अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये पुरावे पुन्हा तपासून सांगितलं, की आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमक वागण्याशी थोडासा संबंध दिसतो, पण गंभीर हिंसेचा दोष गेमवर टाकण्याइतका पुरावा नाही. म्हणजे रेटिंग निरर्थक नाही, आणि ते मोडलं म्हणजे मूल वाया गेलं असंही नाही.

मग आपल्याकडे आकडा का चालत नाही?

मी सहावीत असताना धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, एका नेट कॅफेत तासाच्या हिशेबाने ‘जीटीए व्हाइस सिटी’ खेळायचो. गाड्या पळवायच्या, पोलिसांना चुकवायचं. त्या गेमला ‘एम’ रेटिंग आहे, हे मला इंजिनीअरिंगला गेल्यावर कळलं. कारण रेटिंग डब्यावर होतं आणि डबा आम्ही कधी पाहिलाच नाही. कुणीतरी सीडी आणलेली, ती सगळ्या कॉम्प्युटरमध्ये टाकलेली.

आज सीडी गेली, पण वाट तीच आहे. गेमची एपीके फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर मित्राकडून येते. ती थेट टाकली की प्ले स्टोअर मध्ये येतच नाही, मग आकडा कुठून दिसणार?

दुसरं कारण घरातला एकच फोन. वाशी, भूम, कळंब भागातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या मुलांकडे आजी-आजोबा आणि त्यांचा मोबाइल असतो. अभ्यासाचे व्हिडीओ त्यावर, आई-वडिलांचा फोन त्यावर आणि गेमही त्यावर. फोनचा मालक प्रौढ, म्हणून सगळे दरवाजे उघडे.

ही अडचण फक्त आपली नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये कायदा करून १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी ६ पर्यंत ऑनलाइन गेम बंद केले. मुलांनी आई-वडिलांच्या ओळख क्रमांकाने खाती उघडली. दहा वर्षांनी सरकारने तो कायदाच मागे घेतला.

आकडा काय सांगत नाही?

रेटिंग मुख्यतः दृश्यं मोजतं. रक्त, नग्नता, शिव्या. गेम किती वेळ खातो आणि खिशातून किती पैसे काढतो, हे त्या आकड्यात उतरत नाही. ‘७+’ गेममध्येही पैसे देऊन कपडे, हत्यारं, नाणी विकत घेण्याची सोय असू शकते. अनोळखी माणसाशी बोलण्याची सोयही असू शकते. त्याची सूचना वेगळी असते, ‘अ‍ॅपमधील खरेदी’ अशा बारीक अक्षरांत.

आणि ‘१८+’चा अर्थ ‘१८ नंतर सुरक्षित’ असा तर मुळीच नाही. पैसे लावून खेळायच्या रमीच्या जाहिरातींत ‘फक्त १८ वर्षांवरील’ आणि ‘सवय लागू शकते’ असं बारीक अक्षरांत असायचं. जाहिरात मानक परिषदेने डिसेंबर २०२० पासून तो इशारा सक्तीचा केला होता. बरं, रोख पैशांच्या रमीला प्ले स्टोअरने भारतात सप्टेंबर २०२२ पर्यंत जागाच दिली नव्हती. त्यामुळे ही अ‍ॅप कंपन्यांच्या संकेतस्थळावरून थेट फोनमध्ये यायची, स्टोअरच्या रेटिंगशिवाय.

जून २०२५ मध्ये धाराशिव तालुक्यातल्या एका गावात एक तरुण, त्याची पत्नी आणि त्यांचं लहान मूल, असे तिघांचे जीव गेले. ऑनलाइन रमीतून झालेलं कर्ज त्यामागे असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. तो तरुण सज्ञान होता. वयाची अट त्याला लागूच नव्हती. आकड्याच्या हिशेबाने सगळं नियमात होतं.

त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्ट २०२५ मध्ये, संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींनी त्यावर सही केली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्याने वयाची अट न घालता सगळ्यांसाठीच बेकायदा ठरवले, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे. असे खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ई-स्पोर्ट्स आणि साध्या करमणुकीच्या गेमना परवानगी आहे. कायद्याचा भर पैशांवर आहे. हिंसा किंवा वयोगट पाहून प्रमाणपत्र देणारं सेन्सॉर बोर्डासारखं मंडळ त्यातून उभं राहत नाही.

वयाचा मुद्दा येतो तो डेटा संरक्षण कायद्यात. २०२३ च्या या कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती म्हणजे मूल. मुलाची माहिती घेण्याआधी कंपनीला पालकांची पडताळलेली संमती घ्यावी लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, ही तरतूद लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. तेव्हा तरी कंपनीला वय विचारावं लागेल. तोवर विचारायचं काम घरातच करावं लागणार.

घरी आजच काय करता येईल?

मेनूतली नावं फोननुसार थोडी वेगळी दिसतील, पण रस्ता साधारण असा आहे.

१. प्ले स्टोअर उघडा. उजवीकडे वर तुमच्या फोटोवर बोट ठेवा. सेटिंग्ज, मग कुटुंब, मग पालक नियंत्रणे. तिथे चार अंकी पिन ठेवा. हा पिन फोनच्या लॉकपेक्षा वेगळा असू द्या, लॉक मुलांना पाठ असतो.

२. ‘अ‍ॅप आणि गेम’मध्ये जाऊन मुलाच्या वयाप्रमाणे ३+, ७+ किंवा १२+ निवडा. त्यावरचे गेम डाउनलोड होणार नाहीत. ही मर्यादा नव्या डाउनलोडला लागते, त्यामुळे आधीचा नको असलेला गेम हाताने काढून टाका.

३. सेटिंग्जमध्येच खरेदीसाठी पडताळणी सुरू करा. प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला जाईल. यूपीआय पिन मुलांसमोर टाकू नका.

४. ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा’ ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजरसाठी बंद ठेवा. एपीकेची वाट तिथेच अडते.

५. मुलाला वेगळा फोन देणार असाल तर त्याच्या खऱ्या जन्मतारखेने खातं काढा आणि ‘फॅमिली लिंक’ने आपल्या फोनला जोडा. दुकानात खातं काढून घेताना तारीख आपण स्वतः सांगा.

६. गेममुळे झोप, शाळा, जेवण बिघडत असेल आणि ते महिनोन्‌महिने चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. घरात कुणी पैशांच्या खेळात अडकलं असेल, मनावर ताण असेल तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच तक्रार करा.

अण्णांच्या फोनवर आम्ही त्याच दुपारी पिन ठेवला, मर्यादा ७+ केली आणि तो गेम काढून टाकला. नातू रुसला. संध्याकाळी बघतो तर शेजारच्या घराच्या पायरीवर, शेजाऱ्यांच्या मोबाइलवर, तोच गेम सुरू. मला वाटलं, झालं, सगळं पाण्यात गेलं.

अण्णा उठले, पायात चपला सरकवल्या आणि पलीकडे जाऊन शेजाऱ्यांना म्हणाले, ‘‘जरा तुमचा मोबाइल बघा की. त्या गेमखाली किती लिवलंय?’’